दोन सत्रं बाकी

८ जानेवारी, गुरुवार

नाही करणार सही! काय करायचं ते कर!

तिचा फोन आला. बरोबर चार वाजता. महिनाभर काही नाही आणि आज गुरुवार, चार वाजता — आमचीच वेळ. मी शेवंती तोडत होतो, हात चिकट, तरी पहिल्याच रिंगला उचलला. लाज नाही मला.

"तुमची दोन सत्रं बाकी आहेत," योगिनी म्हणाली.

तुमची! ग्राउंडवर भेटली की 'ए गोरक्ष', आणि समुपदेशनाच्या खोलीत 'तुम्ही'. आम्हाला समुपदेशन शिकवणाऱ्या खैरनार मॅडमचा नियम आहे तो. म्हणजे आजचा फोन त्या खोलीतला. माझ्यासाठी नाही, फाईलसाठी.

११ फेब्रुवारीला बाहेरचे परीक्षक येणार. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाने दुसऱ्या वर्षातले तीन जण घ्यायचे, एकेकाबरोबर आठ सत्रं करायची, हजेरीच्या पानावर प्रत्येक सत्राची त्याची सही घ्यायची. माझी सहा झाली होती. दोन राहिली तर तिची फाईल अपुरी. फाईल अपुरी म्हणजे प्रात्यक्षिक नापास, वर्ष गेलं. हे ती बोलली नाही. मला माहीत आहे. ती फक्त म्हणाली, "याल का?"

मी म्हटलं, "सगळ्या हॉलसमोर माफी माग. मग येतो."

पलीकडून फक्त "हं."

तेच "हं"! अर्धा श्वास, अर्धा शब्द. त्या एका "हं"साठी मी गुरुवारची वाट बघायचो.

मी ठेवला फोन.

१० जानेवारी, शनिवार

डोक्यात घोळतंय ते लिहून काढा, असं तीच सांगायची. काढतो.

११ डिसेंबर. सेमिनार हॉल. तिसऱ्या वर्षाची केस सादरीकरणं, आणि आम्हा दुसऱ्या वर्षाला शिकायला म्हणून बसवलेलं. योगिनी उभी राहिली. हातात कागद.

"केस क. वय वीस. धावपटू. वडील शिक्षक."

आबा शिक्षक नाहीत, मखमलाबादला फुलं पिकवतात. पण ओळख लपवायला एवढं बदलतात, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलंय. मी सावध झालो.

"शर्यतीआधी उलटी होते." विभागीय स्पर्धेत, चारशे मीटरच्या आधी, पत्र्याच्या शेडमागे — झाली होती मला.

"आईची एक वस्तू अंगावर असल्याशिवाय सल्लार्थी धावत नाही." सल्लार्थी म्हणजे जो बोलायला येतो तो. माझ्या घोट्यातला काळा दोरा आईने बांधलाय.

आणि मग — "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकून घेतलं, त्यामुळे सल्लार्थीला समुपदेशकाबद्दलच ओढ वाटू लागली."

हॉल हसून फुटला. मागून कुणीतरी "अय्यय्यय्य! ओढ!" मॅडम टेबल बडवताहेत.

एकच आठवडा झाला होता. एकच! सहाव्या सत्रात मी तिला म्हणालो होतो — तू ऐकतेस तसं मला घरातही कुणी ऐकलं नाही, मला तू हवी आहेस. ती "हं" म्हणाली होती. आणि आठ दिवसांत त्याचा धडा करून सगळ्यांना वाचून दाखवला.

मी उठलो. "नाव घे ना! नाव घे माझं! मीच आहे तो!"

हशा बंद. दीडशे डोळे माझ्यावर. शेजारी ललित — लासलगावचा, पहिल्या दिवसापासून माझ्या बाकावर, माझ्या डब्यात जेवणारा ललित — त्याच्या तोंडावर अजून हसू होतं. त्याला मारली. एकच. पुढचा दात अर्धा गेला.

कॉलेजने मला काढलं नाही. ललितने लेखी दिलं, बाकावर आपटलो म्हणून. कोणी सांगितला होता उपकार? मीच परत गेलो नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. ललित आला होता. मी मागच्या दाराने निघून फुलांच्या शेडनेटमध्ये जाऊन बसलो. तिथून सगळं ऐकू येत होतं.

आई म्हणाली, "दाताला काय झालं रे बाळा?"

"आपटलो, काकू."

"बघून चालत जा. घे, पोळी खा गुळाची. सणाच्या दिवशी तुला कोण करून घालणार." त्याची आई तो नववीत असताना गेली. वडील मार्केटात मापाडी, कांदा सोडून दुसरं काही करता येत नाही त्यांना.

"गोरक्ष कुठाय?"

"असेल कुठं तरी. रागानं फुगलाय महिनाभर. तू काय मनावर घेऊ नको."

गेला. आईने त्याने आणलेला तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. खाल्ला नाही. टाकलाही नाही. खिशात आहे, चिकटलाय.

१७ जानेवारी, शनिवार

धाकट्या बहिणीने, शुभांगीने, माझी चेष्टा लावलीय. मी चहा नको म्हटलं तर मान तिरकी करून, हात मांडीवर — "म्हणजे तुम्हाला आत्ता चहा नकोसा वाटतोय. हं. अजून सांगा."

मीच शिकवलेलं हे तिला. ऑक्टोबरमध्ये, खुशीत. समोरचा बोलला की त्याचंच वाक्य त्याला परत द्यायचं, म्हणजे त्याला कळतं आपलं ऐकलं जातंय.

उशी फेकून मारली. नववीतली पोरगी! रडली नाही, म्हणाली, "म्हणजे तुम्हाला राग आलाय."

२२ जानेवारी, गुरुवार

गेलो होतो. खोटं कशाला लिहू.

सिंहस्थाची खोदाखोदी, रस्ता अर्धा बंद, पाऊण तास लागला. गेटच्या आत पाऊल टाकलं नाही. कंपाउंडच्या जाळीला लागून, उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा राहिलो. चार वाजले. जिमखान्यामागची ती खोली इथून दिसते — गाद्या ठेवायची, आता समुपदेशनाची. दोन खुर्च्या तिरक्या, एक घड्याळ. दार बंद होतं.

दार बंद! माझ्या वेळी ती दार उघडं ठेवायची. डिसेंबरच्या थंडीतसुद्धा. तिला उतरतं ऊन आवडतं असं मला वाटायचं. ऊन तिच्या वहीवर पडायचं.

ट्रॅकवर ललित. निवड चाचणीच्या तयारीची शर्यत होती. नंबर लावणाऱ्या पोराला म्हणत होता, "तीनच पिना दे. चौथी आहे माझ्याकडे." हा त्याचा जुना वेडेपणा. तेवढ्यात योगिनी खोलीतून बाहेर आली, ट्रॅकच्या कडेने चालत गेली. त्याने मान खाली घातली आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागला. बांधलेल्याच नाड्या. ती गेल्यावर वर बघितलं, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

अच्छा! म्हणजे हे चाललंय. माझा दोस्त. माझ्या मागे.

चोर, साला.

२३ जानेवारी, शुक्रवार

तिला मेसेज केला: ललितला पण ऐकतेस का हल्ली?

निळ्या खुणा. उत्तर नाही.

२६ जानेवारी, सोमवार

शुभांगीच्या शाळेत झेंडावंदन. लेझीम बसवणाऱ्या बाई आजारी, हेडमास्तर म्हणाले, गोरक्ष, तू तर शिकतोस ना हे. शिकत होतो म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. साठ मुली. एकीचं पाऊल सारखं चुकायचं, बाकीच्या हसायच्या. तिला रांगेतून काढलं नाही. तिला सगळ्यात पुढे घेतलं, माझ्या समोर, आणि म्हटलं माझे पाय बघ, बाकी कुणाचे नको. बसलं!

दोन तास योगिनी डोक्यात नव्हती. मग आठवलं की दोन तास आठवली नव्हती.

आबा भिंतीपाशी उभे होते. घरी येताना गाडीवर मागून म्हणाले, "दोन वर्सं पळायला शिकला, अन् शेवटी पळालाच."

मी गाडी थांबवली. "उतरा."

"मखमलाबाद दोन किलोमीटर हाय अजून."

"उतरा म्हणतो ना!"

उतरले. चालत आले. मी घरी पोचून ओट्यावर बसून राहिलो. आल्यावर पाणी दिलं तर घेतलं. "पोरी लय भारी नाचवल्या," एवढंच म्हणाले.

३० जानेवारी, शुक्रवार

आज तिचा मेसेज. तो इथे उतरवून ठेवतो, पुरावा म्हणून:

"तुम्ही सांगितलेलं मी कुठेही बोललेले नाही. याहून जास्त मला सांगता येणार नाही."

खोटारडी! दीडशे डोळ्यांसमोर वाचलं आणि कुठेही बोललेले नाही! आणि "सांगता येणार नाही" म्हणजे काय? तोंडाला कुलूप आहे का?

मी लिहिलं: मग फाईल दाखव. माझी फाईल वाचायचा मला हक्क आहे.

उत्तर लगेच. "आहे. आठव्या सत्रानंतर, शेवटच्या सह्या करण्याआधी. तोच नियम आहे."

म्हणजे दोन सत्रांना जावं लागेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. जाणार. दोन्ही सत्रांना बसणार, फाईल हातात घेणार, केस क-चं पान काढणार. सही नाही. आणि ११ तारखेला परीक्षकांसमोर मीच उभा राहणार — ही बघा हिची गुप्तता! होऊ दे नापास. मला बुडवलं, तीही बुडू दे.

मग सगळं संपल्यावर ती माझ्याकडे येईल. रडेल. मी म्हणेन —

हे काय लिहितोय मी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सातवं सत्र.

इस्त्रीचा शर्ट घातला. स्वतःचाच राग आला, बदलून जुना घातला. शुभांगी बघत होती, काही बोलली नाही, म्हणजे किती वाईट दिसत असेन.

व्हरांड्याच्या टोकाला खैरनार मॅडम खुर्ची टाकून पेपर तपासत होत्या. ऊन खात. डिसेंबरमध्येही तिथेच असायच्या. मान हलवली. "ये गोरक्ष. आत जा."

ती वाळलीय. केस मागे घट्ट. माझी खुर्ची भिंतीकडे, तिची दाराकडे. गाद्यांचा तोच वास.

"दार लाव," मी म्हटलं. "वारा येतोय."

"असू द्या. आज कुठून सुरुवात करावीशी वाटते?"

मी बोललोच नाही. घड्याळाकडे बघत बसलो. चार वाजून पाच. चार-दहा. तिनेही तोंड उघडलं नाही. गप्प बसता येणं हे पण शिकवतात आम्हाला, वाटतं तेवढं सोपं नाही ते. चार-वीसला माझंच सुटलं.

"मजा आली का वाचून दाखवताना?"

"तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं."

"पोपट आहेस का? माझंच मला परत देऊ नको! हो की नाही ते बोल! तो मीच होतो की नाही?"

"दुसऱ्या कुठल्याही केसबद्दल मी या खोलीत बोलू शकत नाही."

"दुसऱ्या! व्वा! दुसऱ्या!" मी टेबलावर हात आपटला. तिच्या पाण्याचा ग्लास पडला, पाणी वहीवर गेलं. तिने वही उचलली नाही. तिने दाराकडे बघितलं.

बाहेर मॅडमची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अजून वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. आवाज सरळ होता. "तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा. जायचं असेल तर जा."

थांबलो. वीस मिनिटं. पाणी टेबलाच्या कडेवरून ठिबकत होतं. ते आम्ही दोघांनी ऐकलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तिने दाराकडे का बघितलं?

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर कामात चुका. गुलाबाच्या जुड्या बांधताना वीसऐवजी अठरा, बावीस, काहीही. आबा म्हणाले, "हात हितं अन् डोकं कुठं हाय?" आबांनीच सगळ्या जुड्या सोडून परत बांधल्या. आबा ओरडले असते तर बरं झालं असतं.

उद्या आठवं. तिने गुरुवारऐवजी सोमवार मागून घेतलाय, ११च्या आत व्हावं म्हणून.

९ फेब्रुवारी, सोमवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

सत्र कसं गेलं ते लिहीत नाही. मी फार बोललो नाही. लेझीमच्या त्या पोरीचं सांगितलं, का कोण जाणे. योगिनी हसली जराशी. मग घड्याळ बघून फाईल माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः खुर्ची घेऊन दाराशी जाऊन बसली. "निवांत वाचा."

वर लिहिलेलं: केस ख.

ख!

पहिलं पान संमतीपत्र. १६ ऑक्टोबर. "वर्गात चर्चा करण्यास संमती: आहे / नाही." 'नाही'भोवती गोल. जाड, दोनदा गिरवलेला. खाली माझी सही, माझाच तो लांब शेपटीचा ग. मी विसरलोच होतो. पहिल्या दिवशी घाईत कागद भरले, काय भरलं ते विसरलो. खाली तिच्या अक्षरात, लाल पेनने: "सादर करायची नाही."

सादर केलेलीच नाही. ती मी नव्हतोच.

सगळा हॉल कुणालातरी हसत होता आणि मी उभा राहून ओरडलो, मीच तो. मीच माझं नाव दिलं. तिने नाही. आणि ती महिना-दोन महिने "सांगता येणार नाही" म्हणत राहिली, कारण मग तो दुसरा उघडा पडला असता. मी तिला खोटारडी म्हटलं तरी.

इथे थांबायला हवं होतं. पुढचं वाचलं.

"सत्र ४. आवाज चढला. माझी खुर्ची दाराजवळ घेतली."

"सत्र ५. दार उघडं ठेवलं. मॅडमना व्हरांड्यात बसण्याची विनंती केली."

"सत्र ६. सल्लार्थीने प्रेम व्यक्त केलं. मी घाबरले. 'हं' म्हणाले, दुसरं काही सुचलं नाही."

ऊन आवडतं म्हणून नाही. दार माझ्यामुळे उघडं होतं.

आणि ते "हं".

किती वेळ बसलो माहीत नाही. वर बघितलं तर ती अजून दाराशी, हात मांडीवर. मला खूप काही म्हणायचं होतं. म्हणजे माफी वगैरे. पण मी उठलो असतो तर ती दचकली असती. म्हणून बसूनच पेन मागितलं. तिने टेबलावर सरकवलं, हातात दिलं नाही. राहिलेल्या दोन सह्या केल्या. शेपटी आखूड काढली.

मी व्हरांड्यात बूट घालत होतो तेव्हा ती उंबऱ्यावर आली. खोलीच्या बाहेर. "गोरक्ष," ती म्हणाली, "तू कॉलेजला परत ये. तुला दुसरं कुणी ऐकेल. मी नसेन."

'तू' म्हणाली. पहिल्यांदाच ते नको वाटलं.

येताना गाडी चालवत होतो आणि एकच डोक्यात — मग ललितला मी कशासाठी मारलं? सगळेच हसत होते. तो काही वेगळं हसला नव्हता.

उद्या जातो. सकाळीच. पाय धरतो त्याचे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ललित ट्रॅकवर एकटाच होता. निवड चाचणीचा दिवस, बाकीचे अजून यायचे होते. मी म्हटलं, माझं चुकलं, ती केस माझी नव्हतीच. तो म्हणाला, "माहितीये."

नंबरचा कागद पुढे केला. "पाठीवर लाव, माझा हात पुरत नाही." तीन पिना कॉलेजच्या, नव्या. चौथी त्याने खिशातून काढली. गंजलेली, जुन्या घडणीची. दोन वर्षं बघतोय ती पिन, कधी विचारलं नव्हतं.

"ही कुठली रे?"

"आईच्या पदराची."

माझे हात थांबले.

तो पुढेच बघत राहिला, ट्रॅककडे. "मीच सांगितलं होतं तिला, वाच म्हणून. कोणाला कळणार नाही असं वाटलेलं. मग ते हसायला लागले, आणि आता सगळे वळून माझ्याकडेच बघणार म्हणून मीही हसलो. तेवढ्यात तू उठलास. सगळा हॉल तुझ्याकडे बघत होता गोरख्या, माझ्याकडे कोणीच नाही." जीभ त्या अर्ध्या दातावरून फिरवली. "लाव ना. सरळ लाव."

लावली.